जुन्या सर्व्हरवर डिबग पोर्ट कायम उघडं ठेवावं का?

खटपट्या: आमच्याकडे जावा ६ वर चालणारी एक जुनी बिलिंग सिस्टीम आहे. लिहिणारे केव्हाच सोडून गेले, कागदपत्रं शून्य. महिनाअखेरीस काही बिलांचा हिशोब चुकतो आणि तीच बिलं टेस्ट मशीनवर चालवली की उत्तर बरोबर! लॉग वाढवायचे तर नवं बिल्ड काढावं लागेल, त्याला हात लावायला कुणी तयार नाही. माझं मत असं की जेडीडब्ल्यूपीचं (चालू जावा प्रोग्रॅमला बाहेरून डिबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, जोडायची सोय) पोर्ट सर्व्हरवर कायम चालू ठेवावं. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकायची, अडलं की आपल्या मशीनवरून आयडीई (कोड लिहायचं आणि तपासायचं सॉफ्टवेअर) जोडायचा. सिक्युरिटीवाले नाही म्हणताहेत. उगाच बाऊ करतात असं वाटतं.

बंददार: अजिबात बाऊ नाही. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड वगैरे भानगडच नसते. जो जोडला जाईल त्याला व्हेरिएबल तर दिसतातच, शिवाय हवी ती मेथडही (कोडमधलं फंक्शन) चालवता येते, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर हवी ती कमांड. त्यात जावा ६! नुसता पोर्ट नंबर दिलात तर ते मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकत बसतं. नुसत्या नंबरावर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून आलेलं ऐकायचं, हे जावा ९ पासून आलं. आणि "आतलंच नेटवर्क आहे हो" हे कृपया सांगू नका.

खटपट्या: मग पत्त्यात १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्ट, लिहितो आणि एसएसएच टनेलमधून (सर्व्हरच्या लॉगिनमधून जाणारी सुरक्षित वाट) येतो. ज्याला सर्व्हरवर लॉगिन आहे तोच पोचेल. मिटलं?

सावकाश: बाहेरचा अडला, पण तुम्ही स्वतः काय करणार ते बघा. ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लागला की काही आयडीई मुळात सगळेच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) थांबवतात. बिलाचं ट्रॅन्झॅक्शन अर्धवट, डेटाबेसमधली रो (नोंद) लॉक केलेली, आणि तुम्ही व्हेरिएबल न्याहाळताय. मागे रांग लागते, डेटाबेसची राखीव कनेक्शनं (कनेक्शन पूल) संपतात. वर हेल्थ चेकला (प्रोग्रॅम जिवंत आहे का ही तपासणी) उत्तर मिळालं नाही म्हणून वॉचडॉग, म्हणजे पहारा देणारा प्रोग्रॅम, प्रोसेसच मारून टाकतो. हिशोब का चुकला ते राहिलं बाजूला.

खटपट्या: फक्त तोच थ्रेड थांबवायची सोय असते की. आणि अट घालायची, अमुक बिल नंबर आला तरच थांब.

सावकाश: अट प्रत्येक वेळी तपासली जाते, तीही डिबगरकडून नेटवर्कवरून. हजारो बिलांच्या लूपमध्ये ती अट घालून पाहा, मग बोलू. आणि रो तर त्याच थ्रेडनं धरलेली असते.

कोअरडंप: मी सी++ वाला. आमच्या जीडीबी-सर्व्हरलाही (सी++ साठी दुरून डिबग करायचं साधन) पासवर्ड नसतो, तरी मी वर्षानुवर्षं वापरतोय, पण टेस्ट मशीनवर. प्रॉडक्शनवर (खऱ्या कामाच्या सर्व्हरवर) डंप, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, घ्यायचा आणि निवांत घरी बघायचा. जावातही जेमॅप या साधनानं हीप डंप (ऑब्जेक्टच्या मेमरीचा डंप) निघतो. डंप काढेपर्यंत प्रोसेस थांबते खरी, पण कुणी चहाला गेलं म्हणून ती लटकत नाही.

खटपट्या: डंपमध्ये शेवटची अवस्था दिसते. आकडा वाटेत कुठे बिघडला ते कसं कळणार?

कोअरडंप: हा मुद्दा बरोबर आहे. त्यासाठी बीट्रेस हे साधन बघा, त्याची जुनी आवृत्ती जावा ६ वर चालते. प्रोग्रॅम न थांबवता मेथडमध्ये आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते छापून देते.

बंददार: एक प्रश्न आधीच विचारायला हवा होता. बिल्ड अँटचं (जावाचं एक जुनं बिल्ड साधन) आहे का? तिथे डिबग मुद्दाम चालू केलं नाही तर क्लास फाइलमध्ये (कंपाइल केलेला कोड) लाइन नंबरसुद्धा जात नाहीत, मग ओळीवर ब्रेकपॉइंट लागणारच नाही. जावापी -एल (क्लास फाइलमध्ये काय आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघा.

खटपट्या: चालवलं. लाइन नंबर आहेत, लोकल व्हेरिएबलची नावं नाहीत. ऑब्जेक्टची फील्ड दिसली तरी माझं भागतं.

बंददार: मग महिनाअखेरीपुरती ती ओळ टाका, टनेलमधूनच या, बिलं निघाली की काढून टाका. कायमच्या पोर्टला माझा विरोध तसाच.

खटपट्या: काढायची म्हणजे पुन्हा रीस्टार्ट. आमच्याकडे रीस्टार्टची परवानगी मिळवण्यापेक्षा तो बग शोधणं सोपं आहे, म्हणून तर कायमची मागतोय.