७६१ विरुद्ध ७: शाळेच्या मॅचमध्ये कुठे थांबायचं?

सिलीपॉइंट:

नोव्हेंबर २०१९ ची हॅरिस शील्डची, म्हणजे मुंबईच्या शाळांच्या क्रिकेट स्पर्धेची, ती मॅच बऱ्याच जणांना आठवत असेल. आझाद मैदान, पहिली राउंड. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलने ७६१ केले आणि अंधेरीची चिल्ड्रन्स वेल्फेअर ७ वर ऑल आउट. ते सातही एक्स्ट्रा. बॅटमधून एक रन नाही, सगळ्यांच्या नावापुढे शून्य. तेव्हा ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर गंमत म्हणून फिरली, अजूनही अधूनमधून फिरते, म्हणून हा धागा काढतोय.

मला त्यातला ७ नाही खुपत, १५६ खुपतो. अंधेरीच्या पोरांच्या तीन तासांत ४५ ओव्हर्स टाकून झाल्या नाहीत म्हणून १५६ पेनल्टी रन बोरिवलीच्या स्कोअरमध्ये जमा झाले होते. आता सांगा, ज्या टीमला सारखा बॉल बाउंड्रीच्या पलीकडून आणावा लागतोय तिच्या ओव्हर्स वेळेत कशा होणार? आणि आझाद मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, तिथे बावीस पिचेस आहेत, तुमचा चौकार शेजारच्या मॅचच्या स्लिपमध्ये जाऊन थांबतो, तो परत मागायला पोरगं धावतं, मध्ये कोणाची तरी बॉलिंग चालू असते म्हणून थांबतं, मग बॉल मिळतो. मार खाल्ला म्हणून उशीर झाला, आणि उशीर झाला म्हणून परत दंड.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेच्या वयात मॅच इतकी एकतर्फी झाली की जिंकणाऱ्या टीमच्या कोचने थांबवली पाहिजे आणि तो थांबवत नसेल तर नियमाने थांबली पाहिजे. बॅटिंग करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाहीये, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला बॉल दिसला की तो मारणारच. पण झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या मोठ्या माणसाला तर कळतं ना?

विरार_फास्ट:

अजिबात पटलं नाही. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मोठा स्कोअर हीच पोराची ओळख असते, दुसरी कुठलीही नाही. २००९ ला सरफराज खानने हॅरिस शील्डमध्ये ४३९ केले, २०१३ ला पृथ्वी शॉने रिझवी शाळेकडून ५४६ केले तेव्हा समोरची टीम ९२ वर गुंडाळलेली होती, म्हणजे तीही एकतर्फीच मॅच. दोघंही पुढे इंडियाकडून टेस्ट खेळले. पृथ्वी विरारहून किटबॅग घेऊन लोकलने यायचा. त्या दिवशी कोचने दीडशेवर "पुरे बाळा, समोरच्यांना वाईट वाटेल" म्हणून परत बोलावलं असतं तर पेपरात दोन ओळी तरी आल्या असत्या का? ज्यांच्या घरी पैसा आहे, ओळखी आहेत त्यांना एका इनिंगने फरक पडत नाही. ज्याच्याकडे फक्त बॅट आहे त्याला तुम्ही थांब म्हणताय.

आणि मुद्दाम हळू खेळणं हा जास्त मोठा अपमान आहे. मी शाळेत असताना समोरच्या टीमने आम्हाला पार्ट टाइम बॉलर लावले होते, हसत हसत फुलटॉस टाकत होते. मारलेल्या छक्क्यांपेक्षा ते जास्त लागलं. पूर्ण जोर लावून हरवा, त्यात समोरच्याचा मानच आहे.

सिलीपॉइंट:

@विरार_फास्ट दादा, मुद्दाम हळू खेळा असं मी कुठे म्हटलंय? फुलटॉस टाकणं मलाही घाणच वाटतं. मी म्हणतोय पूर्ण जोर लावून खेळा आणि मग संपवा.

कल्याण_पश्चिम:

सात ऑल आउटच्या आधी आमच्या कल्याणमध्ये काय झालं ते पण घ्या ना. जानेवारी २०१६, शाळांचा भंडारी कप, के.सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. प्रणव धनावडे नाबाद १००९. सगळं जग इथे आलं होतं, रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा, आम्हाला केवढा अभिमान वाटला आणि आजही आहे, त्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही.

पण मॅच नीट आठवा. आर्य गुरुकुल आधीच ३१ वर ऑल आउट झालेली. पहिल्या दिवसअखेर गांधी स्कूल ९५६ वर १, प्रणव ६५२. एका इनिंगमधल्या सगळ्यात जास्त रनांचा इंग्लंडच्या कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ चा रेकॉर्ड त्याच संध्याकाळी मोडला होता. लीड नऊशेच्या वर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बॅटिंग! शेवटी १४६५ वर ३ असताना डिक्लेअर, म्हणजे स्वतःहून डाव संपवला, मग समोरचे ५२ वर गेले, एक डाव आणि १३८२ रनांनी जिंकले. समोर जी पोरं होती त्यातली बरीच बारा वर्षांच्या आसपासची होती, शाळेची मेन पोरं परीक्षेमुळे आलीच नव्हती, हे तेव्हाच बातम्यांत आलं होतं. एका बाजूची बाउंड्री पण छोटी होती. आदल्या रात्री त्या बारा वर्षांच्या पोरांना घरी गेल्यावर माहीत होतं की उद्या परत हेच आहे. मला त्या दुसऱ्या सकाळचं वाईट वाटतं, पहिल्या दिवसाचं नाही.

विरार_फास्ट:

दुसऱ्या सकाळी बॅटिंग केली नसती तर १००९ झाले असते का? हजार कोणीच केले नव्हते हो. एमसीएने (मुंबई क्रिकेट असोसिएशन) महिन्याला दहा हजारांची स्कॉलरशिप दिली, सचिनने बॅट पाठवली. ६५२ वर थांबला असता तर हे झालं असतं?

कल्याण_पश्चिम:

झालं असतं, ६५२ सुद्धा वर्ल्ड रेकॉर्डच होता की. आणि पुढचं पण बोला, दीड-दोन वर्षांत त्याच्या वडिलांनीच एमसीएला कळवलं की स्कॉलरशिप बंद करा. त्या हजारचं ओझं कोणी वाहिलं? पोरानेच. प्रत्येक पन्नासला लोक विचारणार, हजारवाला ना तू. एवढ्या मोठ्या आकड्याने त्याचंही भलंच झालं असं मला छातीठोकपणे नाही म्हणता येणार.

पोल_ते_पोल:

क्रिकेटवाल्यांना हे इतकं अवघड का वाटतं मला कळत नाही. आमच्या खो-खोत समोरची टीम खूप मागे पडली की तिला लगेच परत पाठलागाला लावता येतं आणि तरी जमलं नाही की मॅच तिथेच संपते. पेपरात येतं "एक डाव राखून विजय", वाचून कोणाला वाटत नाही की जिंकणाऱ्यांचं काही कमी झालं, उलट रुबाबच वाटतो. मॅटवरच्या कुस्तीत फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की पंच शिट्टी मारून कुस्ती थांबवतात. त्या पैलवानाला कोणी म्हणतं का की तुला वीस गुण करायला मिळाले नाहीत म्हणून तुझं सिलेक्शन गेलं? उलट दहा-शून्य म्हणजे दणदणीत. जिंकण्याची मोठ्यात मोठी पायरी ठरवून दिली की त्यापुढे जायची हाव राहत नाही.

ठाण्याची_आई:

सगळे हरणाऱ्या मुलांबद्दल बोलतायत म्हणून जिंकणाऱ्या टीममधल्या बाकीच्यांबद्दल लिहिते. माझा मुलगा चांगल्या क्रिकेटवाल्या शाळेत होता, बॅटिंगला सातव्या नंबरला यायचा. अशा मॅचेसना तो सकाळी पॅड बांधायचा आणि संध्याकाळी सोडायचा. घरी आल्यावर विचारलं काय झालं तर "जिंकलो". बस, एवढंच. वरच्या दोघांचे दोनशे-तीनशे, आणि हा उन्हात पॅड घालून बसलेला, मध्येच उठून पाणी नेऊन देणार. पिंढरीला घामोळं उठायचं पॅडच्या पट्ट्यांच्या जागी.

वर कल्याणच्या मॅचचं लिहिलंय ना, १४६५ वर ३. म्हणजे फार तर पाच जणांना बॅटिंग मिळाली! दोन दिवस, चौदाशे रन आणि सहा मुलं नुसती बसून. तेही कोणाचे तरी मुलगे आहेत, त्यांच्याकडेही फक्त बॅटच आहे @विरार_फास्ट. शंभर किंवा दीडशे झाले की रिटायर व्हा आणि दुसऱ्याला येऊ द्या, एवढा साधा नियम का नाही करत? तुम्हाला मॅच थांबवायची नाही ना, नका थांबवू, पण निदान बाकीच्यांना खेळू तरी द्या.

विरार_फास्ट:

ताई तुमचा मुद्दा मनाला लागला, खोटं नाही बोलणार. पण शंभरवर रिटायर म्हणजे मुंबईच्या बॅटिंगचा पायाच काढून घेणं. शंभर झाल्यावर परत नव्याने गार्ड घ्यायचा हे इथल्या पोरांना लहानपणापासून शिकवतात. मुंबईवाल्यांना खडूस, म्हणजे सहजासहजी हार न मानणारे, म्हणतात ते उगाच नाही. सचिनचे कोच आचरेकर सर, त्यांची पोरं अशीच घडली. ८८ साली सचिन आणि कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ ची नाबाद पार्टनरशिप केली, ती अर्धवट तोडली असती तर?

सिलीपॉइंट:

बरं झालं आचरेकर सरांचं नाव काढलंत. ती तोडलीच होती. त्यांची शारदाश्रम शाळा ७४८ वर २, सचिन ३२६, कांबळी ३४९. असिस्टंट कोच बाउंड्रीवरून ओरडत होते डिक्लेअर करा म्हणून आणि हे दोघं तिकडे बघतच नव्हते, हा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. लंचला सरांना फोन लावला, स्कोअर ऐकून सर म्हणाले डिक्लेअर करा. कांबळीने एक रन मागितला, ३५० होतील म्हणून. नाही म्हणाले! एक रन सुद्धा नाही. आणि मग त्याच कांबळीने बॉलिंगला येऊन सहा विकेट काढल्या, झेवियर्स १४५ वर ऑल आउट. खडूसपणा जिंकायचा असतो, नुसता आकडा वाढवायचा नाही, हे त्या माणसाला कळत होतं. मला असा कोच हवाय, बाकी काही नाही. आणि झेवियर्समध्ये बॉलिंग करत होता साईराज बहुतुले, जो पुढे इंडियाकडून खेळला. म्हणजे ती दोन खऱ्या टीमची मॅच होती, तरी सरांनी थांबवली.

विरार_फास्ट:

ती मोठी मॅच होती, जिंकायला वेळ हवा होता म्हणून थांबवली. दया म्हणून नाही. हे दोन वेगळे विषय आहेत.

डॅलसहून:

इथल्या अनुभवावरून एक सांगतो. २००९ मध्ये आमच्या डॅलसमध्येच मुलींच्या बास्केटबॉलमध्ये एका शाळेने दुसरीला १०० विरुद्ध ० हरवलं, हाफ टाइमलाच ५९-० होतं. हरलेली शाळा अगदी छोटी, डिस्लेक्सियासारख्या अडचणी असणाऱ्या मुलांची. खूप बोंबाबोंब झाली. जिंकलेल्या शाळेने जाहीर माफी मागितली, कोचला ती मान्य नव्हती, त्याला काढून टाकलं.

मी सिलीपॉइंटच्या बाजूचा आहे, पण सगळं कोचच्या सद्सद्विवेकावर सोडलं की असं होतं. एक कोच थांबतो, दुसरा थांबत नाही, आणि मग महिनाभर एका माणसाला फाडून खातात. लिटल लीग बेसबॉलमध्ये चार इनिंगनंतर दहा रनांची आघाडी असेल तर मॅच संपते, विषय संपला, कोणाला चांगलं वाईट ठरवावंच लागत नाही. माझी मुलगी सॉकर खेळते, तिच्या लीगमध्ये पाच गोलांचा फरक पडला की पुढच्या टीमने एक प्लेयर बाहेर काढायचा. मुली पण काही बोलत नाहीत, एक जण आपणहून बाहेर येते.

पीटीचे_सर:

मी त्या दुसऱ्या बाजूच्या शाळेतला आहे. मुंबईतली साधी अनुदानित शाळा, नाव सांगत नाही. आमची टीम कशी बनते सांगतो. ऑगस्टमध्ये नोटीस लावतो, आठवी-नववीची वीस पोरं येतात, त्यातली निम्मी टेनिस बॉलवर गल्लीत खेळणारी. सीझन बॉल, म्हणजे मॅचचा कडक लेदर बॉल, शाळेकडे दोन, मैदान नाही, काँक्रीटच्या आवारात नेट कुठून लावणार. आणि ड्रॉ निघतो तेव्हा समोर अशी शाळा जिने पोरांना फी माफ करून क्रिकेटसाठीच आणलंय, ज्यांची रोज सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस असते.

मागे अशाच एका मॅचला पॉइंटवर उभा असलेला माझा एक मुलगा बॉल आला की पाय लावायचा. ओव्हर संपल्यावर जवळ बोलावलं तर हात मागे लपवले. पुढे घ्यायला लावले तेव्हा दोन्ही तळवे लालभडक आणि अंगठ्याखाली सूज. मला म्हणाला सर काढू नका, बदली कोण आहे? खरंच कोणी नव्हतं, बाराव्या मुलाच्या पायात कॅन्व्हासचे बूट होते.

पण मला तुमचा नियम अर्धाच पटतो. सिलीपॉइंट म्हणतात मॅच थांबवा. थांबवून माझी पोरं जाणार कुठे? साडेअकराला घरी? आझाद मैदानावर खऱ्या विकेटवर खेळायला मिळणारा तो वर्षातला एकच दिवस असतो त्यांचा, एक जण तर पांढरी पँट शेजाऱ्यांकडून मागून आणतो त्यासाठी. निकाल लावून टाका, तीनशेवर लावा नाहीतर चारशेवर, ज्यांना पुढे जायचं ते पुढे जाऊ देत. पण उरलेला दिवस आम्हाला बॅटिंग द्या. आउट झाला तरी परत खेळू द्या. त्यांच्या चांगल्या बॉलरने टाकू दे, जोरात टाकू दे, फुलटॉस नको. आणि त्याहून खरं म्हणजे आधी ड्रॉच वेगळा करा. दोन गट पाडा, नवख्या शाळा आपापसात खेळू देत, त्यातली जिंकेल ती वर येईल. पहिल्याच राउंडला रोज खेळणारे आणि कधीच न खेळलेले समोरासमोर आणायचे आणि मग स्कोअर बघून हळहळायचं, हे मला समजत नाही.

ठाण्याची_आई:

सर, त्या मुलाच्या हाताचं वाचून कसंतरी झालं. उरलेल्या वेळात बॅटिंगची कल्पना फार आवडली, आमच्याकडच्या सातव्या-आठव्या नंबरवाल्यांनाही त्यात चार ओव्हर्स मिळतील.

सिलीपॉइंट:

सर, दोन गटांचं शंभर टक्के पटलं, आणि मॅच थांबवण्यापेक्षा निकाल लावून पुढे खेळवणं जास्त बरोबर आहे. आणि ती पेनल्टी तर आजच्या आज काढा, सव्वातीनशे-साडेतीनशेच्या पुढे ओव्हर्स कमी पडल्या म्हणून रन द्यायचेच नाहीत.

विरार_फास्ट:

पेनल्टी काढा, दोन गट करा, दोन्हीला माझा हात वर. पण निकाल लावून टाकल्यावर पुढे जे रन होतील ते स्कोअरबुकात धरणार का? धरणार नसाल तर माझा विरोध कायम आहे. दोनशेवर खेळणाऱ्या पोराचा पुढचा प्रत्येक रन त्याचाच आहे, तो समोर कोण होतं यावर कमी करता येत नाही. पीटीचे सर, तुमच्या मुलांना सीझन बॉल कमी पडतात म्हणालात, मला मेसेज करा, आमच्या क्लबमध्ये जुने पण बरे बॉल डझनभर पडलेत, ग्लोव्हजच्याही दोन जोड्या निघतील.