ओरॅकल डेटाबेसच्या परीक्षेत 'सर्व्हिस नेम' म्हणजे नक्की कुठलं धरायचं?

खानापूरकर: डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) सर्टिफिकेशनचा अभ्यास करायलोय, नेटवर्कच्या चॅप्टरला अडकलोय. सर्व्हिस नेम, नेट सर्व्हिस नेम, एसआयडी सगळं एकसारखंच वाटतंय आणि प्रॅक्टिस पेपरात चारी ऑप्शन बरोबर दिसायलेत. कुणीतरी नीट सांगा की.

टिळकवाडी_डीबीए: टीएनएसनेम्स फाइल उघड, कुठल्या डेटाबेसला कसं जोडायचं ते त्यात लिहिलेलं असतंय. बरोबरच्या (=) चिन्हाच्या डावीकडचं नाव ते नेट सर्व्हिस नेम, नुसतं टोपणनाव, तुझ्या मशीनवर काहीही ठेव. आत कंसात होस्ट, पोर्ट बहुतेक १५२१, आणि सर्व्हिस नेम, ते डेटाबेसनं लिसनरकडं (कनेक्शनची मागणी ऐकणारा प्रोग्राम) नोंदवलेलं असतंय, ते मनानं बदलून चालत नाही. एसआयडी हे इन्स्टन्सचं नाव, इन्स्टन्स म्हणजे मशीनवर डेटाबेस चालवणाऱ्या प्रोसेस आणि मेमरी. आरएसीमध्ये (एकच डेटाबेस अनेक मशीनवरून चालवतात ते) दोन नोड म्हणजे मशीन असले की एसआयडी दोन पण सर्व्हिस एकच, हे डोक्यात ठेव, घोळ तिथंच सुटतोय बघ.

निपाणीवाला: लिसनर पण बघून जा हां. तो फक्त नवीन कनेक्शन पुढं पाठवतोय, बंद केला तरी आधी जोडलेली सेशन चालूच राहतात. पेपरात 'सर्व्हर' लिहिलं की मशीन म्हणायलेत की प्रोसेस, तेवढं आधी बघायचं.

खानापूरकर: भारी सांगितलं दादा! आज लॅबमध्ये लिसनर बंद करूनच बघतो.