नाल्याकाठची झाडं, चोरीच्या जाळ्या आणि राडारोडा

सचिव: नाल्याकाठच्या झाडांच्या आणखी काही लोखंडी जाळ्या रात्रीत गायब झाल्यात.

ए-१०२: भंगारात गेल्या असणार. आता जाळ्यांवर खर्च करायचा की नव्या रोपांवर? पैसे एकाच खात्यातले.

बी-३०४: काका, मूळ वेगळीकडेच आहे. तिथला दिवा गेला, मग अंधारात कचऱ्याच्या पिशव्या पडायला लागल्या. पिशव्या साठल्या तशी लोकांची ये-जा थांबली. चोराला रान मोकळं.

सी-२०१: ऐकायला पटतं. पण याला काही आधार?

बी-३०४: आहे. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन शहरात केलेले प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झालेत. सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. शेजारची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी ते तिथेच टाकले, भिंत रंगाने बरबटल्यावर ६९ टक्क्यांनी. दुसऱ्या प्रयोगात ५ युरोची नोट दिसेल असं पाकीट टपालपेटीतून अर्धं बाहेर ठेवलं. एरवी ते १३ टक्क्यांनी लांबवलं, पेटीभोवती कचरा असताना २५ टक्क्यांनी.

सी-२०१: म्हणजे घाणीतही ७५ टक्के प्रामाणिक राहिले! 😄

डी-५०३: ताई, प्रयोग चांगले आहेत, पण सगळंच त्यात बसवू नका. रात्री ट्रकमधून राडारोडा ओतणारा काही घाण बघून येत नाही. ठरलेल्या जागी टाकायचं शुल्क आणि डिझेल वाचवायला येतो. तो धंदा आहे. सिमेंटने माती अल्कधर्मी होते, ढिगाखाली मुळांना हवा मिळत नाही, नाल्याचं पात्र अरुंद होतं ते वेगळंच. तुम्ही रोज झाडून काढलंत तरी त्याला उलट रिकामी जागाच मिळेल. त्याची वाटच अडवायला हवी.

ए-१०२: आणि तांब्यासाठी तिथे केबल जाळतात त्याचं काय? तीही चोरीचीच असणार.

डी-५०३: तो धूर सगळ्यात वाईट. वरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन ही विषारी द्रव्यं बाहेर पडतात. दिसलं की खिडक्या लावा आणि अग्निशमन दलाला कळवा, स्वतः भांडायला जाऊ नका.

ई-४०१: वृक्षारोपणाच्या फोटोत अख्खी सोसायटी होती. दिव्याचा पाठपुरावा करायला कोण आहे?

सचिव: मी आहे. तक्रार आजच जाईल. जाळ्या आता बांबूच्या घेऊ, त्यांना भंगारात भाव नाही. आणि वाटेच्या तोंडाशी खांब रोवून मागू, पायी माणूस जाईल, ट्रक नाही.

ए-१०२: मग आगीचा बंबही जाणार नाही!

डी-५०३: मधला खांब काढता येणारा घ्यायचा, कुलूप लावून.

सी-२०१: किल्ली कोणाकडे?

सचिव: एक वॉचमनकडे, एक माझ्याकडे.

सी-२०१: दोघांपैकी रात्री जागं कोण असतं? 🙂

ई-४०१: माझी रात्रपाळी घरूनच असते. तिसरी किल्ली मला द्या.