फेसबुक बंद नको, क्रम बदला
लिहायला वेळ मिळत नाही म्हणून फेसबुक बंदच करावं, हे मत पटलं नाही. इंदुरात बसून मराठी लिहिणाऱ्याचा बराचसा वाचक पुण्या-मुंबईकडे. तो इथे इंदूरच्या राजवाड्यावर थोडाच भेटणार! सकाळी आधी ४५ मिनिटं लेखन, फोन दुसऱ्या खोलीत. नुसता पालथा ठेवून भागत नाही, हात जातोच. व्हॉट्सॲपचे गट म्यूट करून शिवाय अर्काइव्हमध्ये टाका. फक्त म्यूट केलेत तर नवा मेसेज आला की गट यादीत वर येतो आणि आपण उघडतो. फेसबुक पेजच्या आठवड्याच्या दोन पोस्ट रविवारी पोहे-जिलबी आटोपल्यावर एकदम शेड्यूल करा. प्रतिक्रियांना उत्तरं मात्र स्वतःच द्या, संध्याकाळी २० मिनिटं, टायमर लावून. नुसत्या 'छान'ला अंगठा पुरे. दिवाळी अंकाचं लेखन चालू असेल तेव्हा आठवड्याला पोस्ट एकच.