शब्दचर्चा : 'लोकसहभाग' – भाग घेणं, करून घेणं, वाटा असणं

काठावरची

एका पत्रकाच्या भाषांतरात अडकले आहे. शहरातल्या पाण्याकाठच्या पट्ट्याचा पुनर्विकास व्हायचा आहे. जुनी गोदामं, पडीक धक्का, होड्या वर ओढायचा उतार, मागे वस्ती. आराखडा करताना तिथल्या लोकांनाही त्यात आणायचं, असं मूळ इंग्रजीत म्हटलंय. मी लिहिलं, 'पुनर्विकासाच्या नियोजन प्रक्रियेत लोकसहभाग सुनिश्चित करण्यात येईल.' सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ठरलंय ना सगळं?" आता 'ठरलंय' असं त्यात कुठेच नाही, मग त्यांना ते ऐकू कसं आलं?

अडलेले शब्द तीन: कम्युनिटी इन्व्हॉल्व्हमेंट, स्टेकहोल्डर (निर्णयाची झळ किंवा लाभ ज्याच्यापर्यंत पोचतो तो) आणि वॉटरफ्रंट. तिसरा सोपा असेल असं वाटलं होतं.

कर्मणि

सासूबाईंचा कान तयार आहे. 'करण्यात येईल' मध्ये कर्ता गायब आहे, आणि कर्ता गायब असला की आपल्याला सवयीने कळतं की तो वर कुठेतरी बसलाय.

पण खरी गंमत पुढे आहे. या विषयावर मराठीत जेवढं तयार सापडतं ते बघा: लोकांना विश्वासात घेणं, त्यांचं म्हणणं विचारात घेणं, समजून घेणं, सामावून घेणं, सहभागी करून घेणं. शेपटीला सगळीकडे 'घेणं', आणि घेणारा प्रत्येक वेळी योजना करणारा. लोक नुसते कर्म. त्यातही 'विश्वासात घेणं' फार बोलकं. लग्न ठरल्यावर धाकट्या काकांना विश्वासात घेतात. ठरायच्या आधी गेलं तर त्याला 'विचारणं' म्हणतात. 'आम्हाला विश्वासात न घेता निर्णय घेतला' या तक्रारीत निर्णय दुसऱ्यानेच घ्यायचा हे तक्रार करणाराही मान्य करून बसलेला असतो.

'भाग घेणं' सुद्धा तसंच. नाटकात भाग घेतो, स्पर्धेत भाग घेतो. नाटक कुणीतरी आधीच लिहिलेलं असतं. म्हणून मला 'सहभाग' पेक्षा 'वाटा' जवळचा वाटतो. वाटा मागता येतो, वाट्यावरून भांडता येतं, वाटा नाकारला तर तसं दिसतं तरी. सहभाग मात्र फक्त 'नोंदवला' जातो. बातम्यांत बघा, 'नागरिकांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदवला', आणि पुढच्या ओळीत कार्यक्रम संपलेला.

वाटसरू

आणि 'जनसुनावणी'? त्यात कोण कुणाला सुनावतं? मी गेलो होतो तिथे लोकांनी चांगलंच सुनावलं. ऐकणारे मात्र मोबाइलमध्ये होते.

नकाशेवाला

मी याच, म्हणजे शहराचे आराखडे करण्याच्या कामात आहे, त्यामुळे थोडा बचाव, थोडी कबुली.

बचाव असा की 'करून घेणं' नेहमीच वाईट नसतं. कुणीतरी टेबल मांडावं लागतं, नकाशा छापावा लागतो, पुराचं पाणी कुठवर येतं ते आधी सांगावं लागतं. नुसतं 'लोक ठरवतील' म्हटलं तर सभेला रिकामा वेळ असलेले आणि मोठा आवाज असलेलेच ठरवतात.

कबुली एका सभेची. पाण्याकाठचा मोठा नकाशा टेबलावर पसरला होता. हिरवे ठिपके 'आवडलं' साठी, लाल 'नको' साठी. एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी आमच्या 'मोकळी जागा – प्रस्तावित बाकडी' वर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही मोकळी कशी? इथे आमची जाळी वाळतात." ठिपका चिकटवलाच नाही त्यांनी, कारण त्यांना जे सांगायचं होतं त्याला रंग नव्हता. आमच्या तक्त्यात त्यांची नोंद 'प्रतिसाद : निरंक' अशी झाली. ती मीच केली.

आमच्या क्षेत्रात या सगळ्याला एक जुनी शिडी आहे. अमेरिकेत शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली एका लेखात नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. मराठीत कशा आणाव्यात यावर मी मागे डोकं खाजवलं होतं. खालून वर: खेळवणं, समजूत घालणं, कळवणं, विचारणं, बोळवण करणं, भागीदारी, अधिकार सोपवणं, लोकांचा ताबा. पहिल्या दोन त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत, मधल्या तीन नावापुरत्या, शेवटच्या तीनमध्येच लोकांच्या हाती काही येतं. 'बोळवण' वर हरकत असेल तर सांगा, मला तो फार नेमका वाटतो. समितीत दोन खुर्च्या द्यायच्या आणि बहुमत आपल्याकडे ठेवायचं, याला दुसरं काय म्हणायचं?

आता मजा बघा, आपला 'लोकसहभाग' या आठही पायऱ्यांना चालतो.

शब्दखोदू

'हरकत असेल तर सांगा' म्हणालात म्हणून. हरकत मूळ अरबी, अर्थ हालचाल. गाण्यातली हरकत त्या अर्थाच्या जवळ राहिली. आपल्याकडे बोलण्यात मात्र ती अडथळा झाली आणि जाहीर सूचनांत 'हरकती व सूचना' म्हणून स्थिरावली. शिवाय रोजचं 'काही हरकत नाही'. हरकत घेतली नाही म्हणजे संमती, हे सरकारी गृहीतक भाषेनेच सोपं करून ठेवलंय. दिलेल्या मुदतीत कुणी हललं नाही, म्हणजे हरकत नाही!

'सल्लामसलत' मधली मसलतही अरबीच, मुळात 'हित, भलं' अशा अर्थाची. मराठीत तिला कटाचा वास लागला. त्यामुळे 'रहिवाशांशी सल्लामसलत' वाचलं की मला बंद दार दिसतं. 'विचारविनिमय' बरा, विनिमय म्हटल्यावर देणं-घेणं दोन्हीकडून आलं. पण पत्रकात तो जड होईल.

काठावरची

नकाशेवाला, बोळवण ठेवा. जाळीवाल्या बाईंचा प्रसंग माझ्या पत्रकाला कसा लावू हाच विचार करतेय. बरं, स्टेकहोल्डर? मी 'भागधारक' लिहिलं होतं.

कर्मणि

भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर असलेला. पत्रक वाचून कुणी लाभांश कधी मिळणार विचारलं तर त्याची चूक नाही. 'हितधारक' अलीकडे फार दिसतो, पण तो बोलण्यात कुणाच्या तोंडी नाही. 'हितसंबंधी' अर्थाने बरोबर आहे, पण मराठीत हितसंबंध नेहमी 'गुंतलेले' असतात आणि ज्याचे गुंतलेत तो संशयित असतो.

'कम्युनिटी' साठी 'समाज' चुकूनही लिहू नका, लगेच 'कोणत्या समाजाचे?' असा प्रश्न येईल. 'समुदाय' छापील. 'लोक' सगळ्यात साधा, पण त्यातही एक खोच आहे. 'लोक काय म्हणतील' मधले लोक म्हणजे कायम दुसरे कुणीतरी. स्वतःला कुणी नुसतं 'लोक' म्हणत नाही.

माझं मत: नावंच लिहा. 'काठावर राहणारे, तिथे काम करणारे, तिथून रोज ये-जा करणारे.' शब्द वाढतात, पण वाचणाऱ्याला आपण त्यात आहोत की नाही ते कळतं.

नकाशेवाला

कर्मणि यांच्या 'वाटा' ला एक उदाहरण. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर कॉइन स्ट्रीट आहे. १९७० च्या दशकात तिथे मोठमोठ्या कार्यालयांचे प्रस्ताव आले. रहिवासी विरोध करून थांबले नाहीत, त्यांनी घरं, बाग आणि नदीलगतचा चालायचा रस्ता असा स्वतःचा आराखडा पुढे केला. १९८४ साली तिथली सुमारे १३ एकर जमीन त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या संस्थेकडे आली. याला 'लोकसहभाग' म्हणणं म्हणजे घरमालकाला पाहुणा म्हणणं.

उलट बाजूला टोरांटो. २०१७ साली तळ्याकाठच्या १२ एकरांच्या पुनर्विकासासाठी गूगलच्या भावंड कंपनीची निवड झाली. सभा झाल्या, गोलमेज चर्चा झाल्या. सहभाग मोजायचाच तर भरपूर. पण रस्त्यावरच्या सेन्सरनी गोळा केलेली माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न मिटेना. २०१९ च्या आराखड्यात १२ चे १९० एकर झाले तेव्हा तर कल्लोळच झाला. हद्द पुन्हा १२ वर आणावी लागली आणि मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण देत काढता पाय घेतला. तिथे लोकांना बाकड्यांबद्दल विचारलं नाही असं नव्हे. पण भांडण बाकड्यांवरून नव्हतंच.

आणि माझं आवडतं: हॅम्बुर्गच्या बंदराकाठी सँक्ट पाउली वस्तीत लोकांनी 'पार्क फिक्शन' नावाने बागेचं नियोजन स्वतःच सुरू केलं, १९९० च्या दशकात. एक कंटेनर हेच कार्यालय. त्यात मातीच्या गोळ्यांनी बागेचे नमुने करायची सोय, लोकांच्या इच्छांचा संग्रह, आणि रात्री उशिरा काही सुचलं तर सांगायला फोन. जाळीवाल्या बाई तिथे आल्या असत्या तर त्यांना ठिपका शोधावा लागला नसता.

शब्दखोदू

वॉटरफ्रंटकडे या. इंग्रजी शब्दात शहराचं तोंड पाण्याकडे आहे, दर्शनी बाजू. आपल्याकडे 'काठ' ही कडा आहे, नदीचा काठ तसाच साडीचा. 'तट' मध्ये तटबंदी आहे आणि 'दोन तट पडले' ही आहे, प्रकल्पाला फार अनुरूप! 'धक्का' बद्दल काय बोलणार. 'थडी' छान, पण आता ऐलथडी-पैलथडीपुरती उरली. 'जलतट' छापील आणि कोरडा.

मला फरक दिसतो तो असा: काठ, तट, किनारा ही जागेची नावं. घाट, पाणवठा, उतार, बंदर ही तिथे काय चालतं त्याची नावं. नकाशावर पहिली लिहिली की जागा मोकळी दिसते, दुसरी लिहिली की माणसं दिसतात.

वाटसरू

आणि 'सुशोभीकरण' लिहिलं की रेलिंग दिसतं.

कर्मणि

एक राहिलंच. आर्नस्टाइन यांच्या त्याच लेखात फ्रेंच विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रक आहे, त्यावर 'सहभागी होणं' हे क्रियापद चालवून दाखवलंय: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो होतो... आणि शेवटी 'ते नफा खातात'. मराठीत आणताना प्रथमपुरुषी अनेकवचनाला अडतं. 'आम्ही सहभागी होतो' की 'आपण सहभागी होतो'? फ्रेंचला आणि इंग्रजीला ही अडचण नाही, त्यांच्याकडे ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून एकच शब्द.

काठावरची, सगळं पत्रक या एका सर्वनामावर तपासा. 'आपला किनारा' म्हणणारे अधिकारी तेच 'आम्ही आराखडा तयार केला' म्हणतात. त्यात 'आपण आपली मते कळवावीत' मधला 'आपण' म्हणजे नुसता आदरार्थी 'तुम्ही'. एका पानात एक 'आपला', एक 'आम्ही', एक 'आपण', आणि तिघांत धरलेली माणसं वेगळी.

काठावरची

तपासलं. माझ्या एका पानात सहा 'आपण' निघाले, पैकी चार 'तुम्ही' चे. बदलले. आता सुरुवात अशी आहे:

'या काठावर तुम्ही राहता, काम करता किंवा रोज येता-जाता. इथे काय राहावं आणि काय बदलावं हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवण्यात तुमचा वाटा असावा यासाठी तीन सभा आहेत.'

'अजून ठरलेलं नाही' हे खरं आहे का, म्हणून काम देणाऱ्यांना विचारलं. दोन दिवस झाले, उत्तर नाही. वॉटरफ्रंट सध्या 'काठ' च ठेवलाय, नकाशावर मात्र जिथे उतार आहे तिथे 'उतार' लिहायला सांगितलंय.

नकाशेवाला

सोबतचा अर्जही बघून घ्या. आमच्याकडे नाव, पत्ता, फोन, ओळखपत्र क्रमांक यांना अर्धं पान असतं आणि 'आपले मत' ला दोन ओळी.