आईचं अंग दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, डॉक्टर म्हणतात डिप्रेशन

लातूरकर
आई ५८ वर्षांची, दोनेक महिने सारखं अंग दुखतंय, जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे तीनला जाग आली की मग झोपच नाही. मालिका कधी चुकवायची नाही ती आता टीव्ही चालू असला तरी भिंतीकडे बघत बसते. रक्त, थायरॉईड, बी१२, ईसीजी सगळं झालं. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम (डिप्रेशनची गोळी) आणि रात्री क्लोनाझेपाम (झोपेसाठी) दिलीय. आठवडा झाला, फरक शून्य, उलट मळमळतंय, आणि मावशी म्हणते या गोळ्यांची सवय लागते बंद करा. आई रडत पण नाही, मग हे डिप्रेशन कसं? बंद करू का?

सिस्टर_मिरज
बंद करू नका! रडायलाच पाहिजे असं काही नाही. आमच्या ओपीडीत या वयाच्या बायका अंगदुखी, छातीत धडधड, "त्राणच नाही" हेच सांगत येतात. दोन आठवड्यांच्या वर कशातच रस नाही, पहाटेची जाग, भूक गेलेली, हे सगळं एकत्र असेल तर डॉक्टर डिप्रेशनचाच विचार करणार.
मळमळ सुरुवातीला होते, बहुतेकांची आठ-दहा दिवसांत कमी होते, गोळी जेवणानंतर द्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मावशींचं म्हणणं क्लोनाझेपामबद्दल खरं आहे, ती किती दिवस द्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एस्सिटालोप्रामची तशी चटक लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून हळूहळू कमी करतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात.
आणि मरणाचे विचार येतात का हे आईंना सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

ठाणेकर_सून
सासूबाईंचं सेम होतं. घरात सगळे "मन रमवा, देवाचं करा" म्हणायचे, त्याने त्या अजून गप्प झाल्या. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत सोबत चालायला न्या, बोलल्या नाहीत तरी चालेल.

लातूरकर
काल विचारलं. "झोपेतच गेले तर बरं" म्हणाली. हातपाय गळाले माझे.

सिस्टर_मिरज
मग पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करून हेच वाक्य सांगा. गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा, त्यांना एकटं सोडू नका. डॉक्टर नाही भेटले तर टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. त्या स्वतःला काही करून घेईन म्हणाल्या तर फोन वगैरे नको, थेट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्या.

लातूरकर
फोन केला, दुपारी बोलावलंय. मावशी पण येतेय सोबत.