बहिणीच्या एअरलाइनने आईबाबांचे पास कमी केले, आता सबलोवर भरोसा ठेवावा का?

कापूसवाला_आर्णी:
राजेहो, थोडं लांब लिहून रायलो, माहीत असंल तर सांगा. आमचं गाव आर्णी तालुक्यात, सहा एकर, कापूस अन् तूर. लहान बहीण एका एअरलाइनमध्ये केबिन क्रू हाय, पाच वर्षं झाली, बेस मुंबई. नोकरी लागली तेव्हा पगार काही फार नव्हता, पण आईबाबांना विमानाचा पास मिळते म्हणून घरचे सारे खूश. वर्षाला काही तिकिटं कन्फर्म, बाकीची सबलो, म्हणजे सीट रिकामी राहिली तरच बसायचं, पैसे फक्त टॅक्सचे. त्याच भरवशावर बाबांच्या काचबिंदूचा इलाज मुंबईत सुरू केला, ऑपरेशन तिकडंच झालं, आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागते.

आता कंपनीनं खर्चकपात म्हणून आईबाबांचे कन्फर्म पास बंद केले अन् सबलो निम्मे केले. एक मेल आला, विषय संपला. मागच्या महिन्यात पहिल्यांदा निव्वळ सबलोवर पाठवलं. रात्री एकला गाडी करून निघालो, पहाटे नागपूरले सोनेगावच्या एअरपोर्टवर. आईच्या पिशवीत पोरीसाठी ज्वारीचं पीठ अन् जवसाची चटणी. मले तिकीट नसल्यावर आत सोडत नाही, मी बाहेर उभा. आईनं नंतर सांगितलं, काउंटरवरची पोरगी चांगली होती, बसा म्हणाली, काउंटर बंद झाल्यावर सांगते. मग जो कोणी बॅग घेऊन काउंटरकडं जाये त्याच्याकडं आई पाहत बसली, हा गेला म्हणजे आपली सीट गेली असं तिले वाटे. शेवटी फुल्ल. दुपारच्या फ्लाइटलेही तेच. वापस येताना बाबा देवळीपर्यंत एक शब्द बोलले नाही, मग हळूच विचारलं, "पोरीची नोकरी गेली काय रे? पास चालला नाही म्हणून म्हटलं."

पुढच्या महिन्यात 12 तारखेची अपॉइंटमेंट हाय. सबलोवर पाठवावं का? कंपनी असे पास काढून घेऊ शकते काय? परत सुरू होतील का कधी? बहीण फोनवर रडते, नोकरीच सोडतो म्हणते.

जुना_काउंटरवाला:
भाऊ, मी नागपूरला एका एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर आठ वर्षं काढली, तुमच्या आईसारखे कितीतरी आईबाप त्या खुर्च्यांवर बसलेले पाहिले, त्यांना नाही म्हणताना जीभ उचलत नसे. आधी यादी कशी लागते ते समजून घ्या. ड्युटीवर दुसऱ्या शहरात जाणारा क्रू पहिले, त्याची सीट पक्कीच असते कारण तो नाही पोचला तर पुढचं विमान उडत नाही. मग सुट्टीवरचा स्टाफ, त्यात पुष्कळ ठिकाणी जॉइनिंगची तारीख पाहतात, अन् आईबाप बहुतेक त्याच्याही खाली. तुमच्या बहिणीची फक्त पाच वर्षं म्हणजे नंबर खालीच राहणार.

दुसरं, रात्री ॲपवर बारा सीट रिकाम्या दिसल्या म्हणून घरून निघू नका. मागची एखादी फ्लाइट रद्द झाली की ते सारे पॅसेंजर याच विमानात टाकतात. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचे दर महिन्याचे आकडे पाहा, मोठ्या कंपन्यांची विमानं आता बहुतेक महिने 80 टक्क्यांच्या वरच भरून जातात, पहिल्यासारखी रिकामी सीट राहिलीच कुठे. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवारची दुपार पाहा, सोमवार सकाळ, शुक्रवार संध्याकाळ, दिवाळी अन् मे महिना पूर्ण सोडा.

पण डॉक्टरची तारीख ठरलेली असताना सबलो बिलकुल नाही. परतीला वापरा, एक दिवस इकडेतिकडे झाला तर मुक्काम पोरीकडेच आहे.

रेल्वेवाला_बडनेरा:
परत सुरू होतील का विचारलं म्हणून सांगतो. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सूट होती, पुरुषांना 40 टक्के, बायांना 50. मार्च 2020 मध्ये कोरोनात बंद केली, कोरोना गेला, गाड्या भरून धावू लागल्या, सूट काही आली नाही. एकदा खर्चाच्या वहीतून कापलेली गोष्ट परत लिहायला कोणी तयार नसते. आम्हा कर्मचाऱ्यांचे पास टिकून आहेत कारण त्याची 1986 ची छापील नियमावली आहे, कोणाला किती, सगळं लिहून. खाजगी कंपनीत ते पॉलिसी म्हणून असते अन् पॉलिसीच्या खालीच लिहिलेलं असते की कधीही बदलू शकते. अन् कंपनीच बसली तर काय, किंगफिशर 2012 ला, जेट 2019 ला, गो फर्स्ट 2023 ला, तिन्हीकडे विमानंच थांबली, पास कशावर चालणार.

तुम्ही धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं पाठवा. संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडते, आता काय मिळते ते आजच पाहा. फॉर्ममध्ये दोघांचं वय बरोबर टाका, साठीच्या वरच्या पुरुषाला अन् पंचेचाळीसच्या वरच्या बाईला खालच्या बर्थचा कोटा आहे. आर्णीहून धामणगाव तुम्हाला नागपूरच्या निम्म्यात पडते.

क्रू_हिंगणघाट:
दादा, मी पण क्रू आहे, दुसऱ्या कंपनीत, म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. कंपन्यांना खर्च आहे हे खोटं नाही. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर, त्याच्यावर राज्याचा व्हॅट, विमानांचं भाडं डॉलरमध्ये, एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं आकाश बंद केल्यावर युरोप-अमेरिकेच्या फ्लाइट लांबून न्याव्या लागल्या. मान्य. कन्फर्म सीट विकली असती तर पैसे आले असते, तेही मान्य. पण सबलो? ती सीट तशीही रिकामीच उडणार होती, तिच्यात एक म्हातारा माणूस बसला तर किती खर्च वाढतो? ते निम्मे करायचं काही कारण मला तरी दिसत नाही. अन् हे कापलं ना की ते सगळ्यांवर सारखं पडत नाही. माझ्या बॅचच्या ज्या मुलींचे आईबाबा ठाण्या-बोरिवलीला आहेत त्यांना काही फरक पडला नाही. पडला तो हिंगणघाट, आर्णी, गोंदियावाल्यांना.

एअरलाइन अन् रेल्वेच्या स्टाफला अशा प्रवासावर इन्कम टॅक्स लागत नव्हता, म्हणजे तेवढेच पैसे पगारात वाढवून दिले तरी हातात कमी येतात, अन् इथे तर वाढवले पण नाही.

कायद्याचं: 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ होतं, चालत आलेली सवलत काढायची तर कामगाराला 21 दिवसांची नोटीस द्यायची. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही सवलतीची ती नोंद आहे. वाद होतो तो क्रूला 'कामगार' धरायचं का यावर, म्हणून एकटीनं भांडू नये, चार-पाच जणींनी मिळून एचआरला लेखी विचारावं अन् कामगार कायद्याचा वकील गाठावा. मेलची कॉपी जपून ठेवायला सांगा.

नोकरी सोडू देऊ नका हो. ती रडते ते पाससाठी नाही, बाबा काउंटरवरून वापस गेले म्हणून रडते. तिला सांगा की तुझी चूक नाही. आम्ही दुसऱ्यांच्या आईबाबांचा हात धरून सीटवर बसवतो दादा, रोज.

कापूसवाला_आर्णी:
सगळ्यांचे आभार मानतो. धामणगावहून 10 तारखेचं रिझर्व्हेशन झालं, दोन्ही बर्थ खालचे. परतीला बुधवारी दुपारचं सबलो पाहू, नाही जमलं तर गाडीच. बहिणीले क्रू ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणे मेल काढून ठेवतो, तिच्यासोबतच्या तिघी लेखी द्यायला तयार हायत. बाबांसाठी तिनं आज ड्युटीवरून युनिफॉर्ममधला फोटो पाठवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.

आईनं एकच विचारलं, रेल्वेत पीठ किती नेता येते.